कयाक वाचावी ती बुडाकडून

जुनी सागरी कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची लांब, अरुंद, वरून झाकलेली नाव, समोर आली की नजर आधी नावाकडे जाते. बाजूवर फिकुटलेलं एखादं स्टिकर असतं, डेकवर, म्हणजे नावेच्या वरच्या झाकलेल्या भागावर, कंपनीचं चिन्ह असतं, आणि ते वाचलं की ओळख पटली असं वाटतं. पण सगळ्या नावेवर बदलायला सर्वांत सोपी गोष्ट तीच असते. स्टिकर निघतं आणि दुसरं लागतं. हॅचचं, म्हणजे सामानाच्या कप्प्याच्या तोंडाचं, झाकण हरवतं आणि भलत्याच कंपनीचं झाकण तिथे चपखल बसतं. सीट तुटते, पायटेकू बदलले जातात, कोणी मागाहून स्केग, म्हणजे नाव सरळ ठेवणारा बुडाखालचा पातळ पर, बसवतं, कोणी कॉकपिटची, म्हणजे बसायच्या भोकाची, कडच कापून मोठी करतं. चाळीस वर्षं समुद्रावर काढलेली नाव चार-पाच मालकांकडून आलेली असते आणि प्रत्येकाने आपल्या सोयीचं काहीतरी केलेलं असतं.

म्हणून ओळख पटवायचा एकच क्रम मला भरवशाचा वाटतो. जे बदलायला सर्वांत अवघड, ते आधी पाहायचं. बुडाचा आकार बदलायचा तर नवी नावच बांधावी लागते, त्यामुळे सुरुवात तिथून. मग डेकचा साचा, मग डेक आणि बूड जोडणारा सांधा, मग बल्कहेड, म्हणजे आतले कप्पे पाडणाऱ्या आडव्या भिंती, मग कॉकपिट, मग हॅच, स्केग आणि रडर, म्हणजे सुकाणू. सीट, दोऱ्या आणि स्टिकर सर्वांत शेवटी. या क्रमाने वर चढत गेलं की नाव कोणती हे कळतं आणि तिच्यावर नंतर काय काय केलं गेलं तेही कळतं.

मापं नीट घेतली तर निम्मं काम होतं, आणि बहुतेक घोटाळे मापांतच होतात. डेकवरून टेप ओढून लांबी घेऊ नये. टोकं वर उचललेल्या नावेत डेकच्या वळणामुळे ती उगाच जास्त भरते. दोन्ही टोकांवरून ओळंबा सोडायचा, जमिनीवर खुणा करायच्या आणि खुणांमधलं अंतर मोजायचं. रुंदीसाठी दोन्ही बाजूंना दोन सरळ फळ्या उभ्या टेकवून त्यांच्यामधलं अंतर घ्यायचं. एवढ्यावर थांबू नये. सर्वांत रुंद जागा पुढच्या टोकापासून किती अंतरावर येते, तेही लिहून ठेवावं. ती नावेच्या मध्याच्या मागे आली तर एका जातीचा आकार, पुढे आली तर दुसऱ्या जातीचा, आणि बरोबर मध्यावर आली तर तिसऱ्या. लांबी-रुंदी जुळणाऱ्या दोन वेगळ्या मॉडेलांचा गुंता या एका आकड्याने अनेकदा सुटतो.

रॉकर, म्हणजे कण्याची लांबीच्या दिशेने असलेली कमान, मोजायला कयाक उलटी करून दोन स्टँडवर ठेवावी. दोन खांबांना दोरी बांधून ती मध्यभागी कण्याला जेमतेम टेकेल अशी सपाट ताणायची आणि दोन्ही टोकांपासून ३०, ६० आणि ९० सेंटिमीटरवर दोरी व कणा यांच्यातली फट मोजायची. पुढची आणि मागची फट सारखी नसणं हीसुद्धा खूणच असते. बुडाच्या काटछेदासाठी जाड पुठ्ठा पुरतो. कॉकपिटच्या पुढे, सीटखाली आणि मागच्या टोकापासून मीटरभर अंतरावर अशा तीन ठिकाणी पुठ्ठा थोडा थोडा कापत बुडाला तंतोतंत बसवायचा. मग तोच पुठ्ठा उलटा करून दुसऱ्या बाजूला लावून पाहायचा. दोन बाजूंत लक्षात येण्याइतका फरक निघाला तर तिथे मोठी दुरुस्ती झालेली असते, नाहीतर नाव साच्यातली नसून हाताने बांधलेली असते.

फोटोंबद्दल एक सूचना. जवळून, मोबाइलच्या रुंद लेन्सने काढलेल्या फोटोत कयाकची टोकं कॅमेऱ्यापासून लांब पडतात, म्हणून बारीक दिसतात आणि डेकची रेषा खोटी वाकते. दहा-पंधरा मीटर मागे जावं, कॅमेरा डेक आणि बूड जिथे जुळतात त्या उंचीवर आणि नावेच्या बरोबर मध्यासमोर धरावा आणि झूम करून बाजूचं चित्र घ्यावं. असं एक छायाचित्र सुरेख कोनातल्या वीस छायाचित्रांपेक्षा उपयोगाचं ठरतं.

आता बुडाकडे वळू. ब्रिटनमधल्या बऱ्याच जुन्या सागरी कयाकचा वंश पश्चिम ग्रीनलंडपर्यंत जाऊन पोचतो, आणि तो वंश बुडावर उघड दिसतो. १९५९ साली केन टेलर हा ग्लासगोचा विद्यार्थी ग्रीनलंडमधल्या इलोर्सुइट या वस्तीत राहिला आणि तिथे एमॅन्युएल कॉर्नेलियुसेन यांनी त्याच्यासाठी बांधलेली, लाकडी सांगाड्यावर कातडं ताणलेली कयाक घेऊन परतला. डंकन विनिंग यांनी १९६४ मध्ये तिची मापं घेऊन आराखडा काढला. त्या आराखड्यावरून जेफ्री ब्लॅकफर्ड यांनी प्लायवूडमध्ये बांधता येईल अशी, थोडी लांबवलेली नाव तयार केली. तिचं नाव ॲनास अक्युटा. पुढे १९७०च्या दशकात व्हॅली कनू प्रॉडक्ट्सने तीच फायबरग्लासमध्ये बाजारात आणली.

ही वंशावळ कळली की बुडाचा आकारही समजतो. कातडं लाकडाच्या पट्ट्यांवर ताणलं की जिथे पट्टी, तिथे कड उठते. प्लायवूडच्या सपाट तक्त्यांनाही जोडावर कड येणारच. या कडेला चाइन म्हणतात. फायबरग्लासला अशा कडेची काही गरज नाही, त्याला हवा तो गोल आकार देता येतो. तरीही ॲनास अक्युटात चाइन धारदार राहिली, कारण आकारच त्या जुन्या वंशातून आलेला होता. बुडावर हात फिरवला की सपाट तळ, मग ठसठशीत कोन, मग बाहेर झुकलेली सपाट बाजू असं स्पष्ट लागतं. दोन्ही टोकं उंच उचललेली, मागचा डेक बसका, लांबी ५ मीटर २० सेंटिमीटरच्या आसपास आणि रुंदी सुमारे ५२ सेंटिमीटर. व्हॅलीचीच पिनटेल ही याच कुळातली, पण तिची चाइन बरीच मवाळ आहे. दोघींची नावं एकाच बदकाची, एक लॅटिन आणि एक इंग्रजी, त्यामुळे विक्रीच्या जाहिरातीत एकीला दुसरीचं नाव चिकटलेलं वारंवार दिसतं. तिथे नावावर जाऊ नये, सीटखालच्या काटछेदाचा पुठ्ठा लावून पाहावा.

त्यानंतरची नॉर्डकाप ही वेगळ्याच गरजेतून आली. १९७५ मध्ये कॉलिन मॉर्टलॉक यांच्या नेतृत्वाखाली नॉर्वेच्या किनाऱ्याने उत्तरेकडे नॉर्डकाप या भूशिरापर्यंत मोहीम निघाली आणि तिच्यासाठी फ्रँक गुडमन यांनी ही नाव आखली. कित्येक आठवड्यांचं सामान घेऊन उघड्या समुद्रात जायचं होतं. ग्रीनलंडची मूळ नाव शिकारीची, जवळपास रिकामी फिरणारी. नॉर्डकापचं पोट म्हणूनच गोल आणि खोल झालं, चाइन जवळजवळ नाहीशी झाली, लांबी साडेपाच मीटरच्या आसपास गेली आणि रुंदी मात्र ५३-५४ सेंटिमीटरवरच राहिली. रिकामी असताना ही नाव डळमळते आणि सामान भरलं की स्थिर होते. हा दोष नाही. ज्या कामासाठी ती आखली त्याचाच हा परिणाम आहे, आणि ओळखीची एक खूणही आहे. गुडमन स्वतः आणखी तिघांसह १९७७ मध्ये याच नावांतून दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी असलेल्या केप हॉर्नला वळसा घालून आले. त्यानंतर मोहिमांची नाव म्हणून नॉर्डकापचं नाव झालं, आणि म्हणूनच आज जुन्या नॉर्डकाप इतक्या ठिकाणी, इतक्या अवस्थांत सापडतात.

ही एक नाव नीट वाचता आली की ब्रिटिश कयाकच्या सगळ्या बदलांची चावी हाती येते, म्हणून इथे थोडं रेंगाळायला हवं. मूळ नॉर्डकाप सरळ चालवायला लक्ष द्यावं लागे, बाजूचा वारा तिला वळवायचा. त्यावर एचएम नावाची आवृत्ती आली. तिच्या बुडाच्या मागच्या टोकाला कणा खाली खेचून पक्का, माशाच्या परासारखा भाग साच्यातच घडवला आहे. कयाक उलटी केली की हा फरक एका नजरेत दिसतो. मूळ नावेत कणा मागे हळूहळू वर चढत जातो, तर एचएममध्ये तो शेवटपर्यंत खाली राहून एकदम संपतो. एचएम सरळ जाते, पण वळायला हट्टी. मग खालीवर करता येणारा स्केग रुळला आणि त्या पक्क्या पराची गरज संपली. मूळ आखणीला पंचवीस वर्षं झाल्यावर आलेल्या ज्युबिली आवृत्तीत असा स्केग आहे. इथे एक अडचण येते. काही मालकांनी एचएमचा पर करवतीने कापून काढला आणि तिथे फायबरग्लासचं ठिगळ मारून मागे स्केगपेटी, म्हणजे स्केग आत ओढला की जिथे बसतो ती पेटी, बसवली. अशी नाव बाजूने बघितली तर मूळ नॉर्डकापसारखी दिसते. पण मागच्या टोकाच्या आत टॉर्च मारली की ठिगळाची कड, वेगळ्या रंगाचं रेझिन, म्हणजे फायबरग्लासमधला घट्ट झालेला चीक, आणि कापाची सरळ रेघ दिसते.

पहिल्या काळच्या मोहिमी कयाकला आणखी दोन खुणा असत. एक म्हणजे हॅच. सुरुवातीला फिरकीची लहान गोल झाकणं असत. त्यांतून हात जेमतेम जाई, त्यामुळे सामान लांबट बारीक पिशव्यांत भरून ढकलावं लागे. नंतर व्हॅलीची रबरी झाकणं आली, जाड काठाच्या कड्यावर ताणून बसवायची. ती इतकी चांगली निघाली की इतर बांधणाऱ्यांनीही ती वापरली, आणि पुढे फिनलंडच्या कायाकस्पोर्टची झाकणंही सर्वत्र पसरली. त्यामुळे हॅचवरून कंपनी ठरवायला जाऊ नये. दुसरी खूण कॉकपिटमागच्या डेकमध्ये बसवलेल्या हातपंपाची. हेंडरसन कंपनीचा चिंप पंप त्या काळी खूप वापरात होता. पंप आज बहुधा निघालेला असतो, पण डेकवर बुजवलेलं मोठं भोक आणि त्याच्याजवळ पाणी बाहेर पडायचं लहान भोक राहतं. हे बुजवलेलं भोक मला नावेवरच्या कुठल्याही स्टिकरपेक्षा जास्त विश्वासाचं वाटतं, कारण ते मुद्दाम तिथे कोणी करणार नाही.

कॉकपिटचा बदल सर्वांत ठळक. जुन्या नावांत लहान, जवळजवळ गोल असा ओशन कॉकपिट असे, आतली लांबी साधारण ५० ते ६० सेंटिमीटर आणि रुंदी ४० च्या आसपास. त्यात बसायचं तर आधी मागच्या डेकवर बसून दोन्ही पाय सरळ आत सरकवायचे. स्प्रेडेकचं, म्हणजे कॉकपिटवर ताणायच्या पाणीरोधक कापडाचं, क्षेत्रफळ कमी असल्याने लाटेचा मार सहन होतो, गुडघे डेकखाली घट्ट बसतात, आणि कयाक उलटली तर बाहेर पडायला मात्र सराव लागतो. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे कीहोल कॉकपिट रुळत गेला, ७५ ते ८० सेंटिमीटर लांब, मांड्या अडकवायला दोन्ही बाजूंना आत आलेले पंख असलेला. पाय वर उचलून थेट आत घालता येतात, म्हणून शिकाऊ माणसालाही तो सोयीचा. पण अनेक मॉडेलं कितीतरी वर्षं दोन्ही प्रकारांत मिळत होती, म्हणून ओशन कॉकपिट दिसला म्हणजे नाव १९७०च्या दशकातलीच असं म्हणता येत नाही. तो फक्त इतकंच सांगतो की आखणी कीहोलच्या आधीची असावी. उलट बाजूने पाहिलं तर जुन्या आखणीच्या नावेला कीहोल दिसला की संशय घ्यावा. कारखान्यातल्या कीहोलमध्ये कड आणि डेक यांचा जोड आतून एकसारख्या पट्टीने मढवलेला असतो आणि डेकचा उंचवटा कडेच्या आकाराशी जुळवून घेतलेला असतो. मागाहून कापलेल्या कॉकपिटमध्ये पुढच्या बाजूला डेकचं जुनं वळण तसंच राहतं आणि नवी कड त्यावर तिरकी बसते. तिथे आतून बोट फिरवलं तर जुन्या कापाची पायरी लागते.

बल्कहेडची गोष्ट वेगाने सांगून होते. आधी ते नव्हतेच, टोकांत हवेच्या पिशव्या भरत. मग सीटमागे एक आणि पायांपुढे एक असे दोन आले, मग सीटच्या लगेच मागे तिसरा येऊन दिवसभर लागणाऱ्या वस्तूंचा लहान कप्पा झाला. त्याचं हॅच मागच्या डेकवर एका बाजूला, हात मागे नेला की पोचेल असं असतं. सीटमागचा बल्कहेड तिरका बसवला की नाव उलटी करून पुढचं टोक उचलल्यावर कॉकपिटमधलं पाणी जवळजवळ सगळं निघून जातं, आणि ही युक्ती रुळल्यानंतरच्या नावा त्यावरून ओळखता येतात. बल्कहेड मुळचा की मागाहून घातलेला हे ठरवायला त्याच्या कडेची पट्टी पाहावी. मुळचा असेल तर पट्टीचं रेझिन आणि बुडाच्या आतल्या भागाचं रेझिन एकाच वयाचं, एकाच पिवळसर छटेचं दिसतं. मागाहूनचा असेल तर पट्टीखाली घासलेल्या खुणा असतात आणि रंग वेगळा असतो.

रोमनी हे पुढचं वळण. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला वेल्समधल्या अँगलसी बेटावर नायजेल डेनिस आणि एलेड विल्यम्स यांनी तिची आखणी केली. लांबी जेमतेम ४ मीटर ९० सेंटिमीटर, कीहोल कॉकपिट, टोकं उचललेली, आणि वागणं इतकं भरवशाचं की शिकवणाऱ्यांनी ती उचलून धरली. एक्सप्लोरर ही तिची लांब बहीण, साधारण ५ मीटर ३५ सेंटिमीटरची. नॉर्डकापची आखणी सामानासाठी होती, रोमनीची माणसासाठी आहे, असं मला वाटतं. भरतीच्या ओढीत, खडकांमध्ये, लाटांवर तीच नाव शिकाऊ आणि मुरलेला दोघांनाही चालावी हा तिचा हेतू बुडाच्या पसरट मध्यावर आणि भरपूर रॉकरवर वाचता येतो. तिच्यानंतरच्या ब्रिटिश नावांत अशा मध्यम लांबीच्या, लवकर वळणाऱ्या आखण्यांची गर्दी झाली.

अटलांटिकपलीकडे गोष्ट वेगळी घडली. वॉशिंग्टन राज्य आणि ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर बेटांमधले शांत मार्ग, लांबलचक मुक्काम, भरपूर सामान अशी पद्धत. त्यामुळे तिथल्या नावा रुंद झाल्या, पोटं मोठी झाली, कॉकपिट लांब झाले आणि मागे पायाने चालवायचा रडर आला. हॅच मोठे, त्यावर निओप्रीन या रबराचं आतलं झाकण आणि वर फायबरग्लासचं कठीण झाकण पट्ट्यांनी आवळलेलं. अशी जोडझाकणं दिसली की आधी नेकी, करंट डिझाइन्स, एडीलाइन अशा कंपन्यांकडे पाहावं. नेकीच्या टोफिनो या दुहेरी कयाकमधूनच १९८७ मध्ये एड जिलेट एकटा कॅलिफोर्नियाहून हवाईला पोचला. सिॲटलमधल्या ब्रोझ बंधूंची मरिनर मात्र या गर्दीत वेगळी उठून दिसते. रडर नाही, आणि काही मॉडेलांत सीट पुढेमागे सरकवून तोल वाऱ्याप्रमाणे जुळवता येतो. वाऱ्याला उत्तर द्यायला रडर आणि स्केग या दोनच वाटा नव्हत्या हे त्या नावा दाखवतात, आणि मला त्यांच्याबद्दल विशेष आदर वाटतो.

अमेरिकेतल्या काही बांधणाऱ्यांनी डेक आणि बूड जोडायला इंग्रजी एच अक्षरासारखी प्लास्टिकची पट्टी वापरली. वरचा काठ तिच्या एका खाचेत, खालचा दुसऱ्या खाचेत. ब्रिटिश पद्धत बहुधा आतून काचकापडाची पट्टी आणि बाहेरून जेलकोटची, म्हणजे फायबरग्लासवरच्या रंगीत गुळगुळीत थराची, रेघ अशी. हा सांधा सहसा कोणी बदलत नाही, म्हणून बूड आणि डेकच्या साच्यानंतर मी त्यालाच मान देतो. गळतीही इथेच सुरू होते. आतली पट्टी सुटत आली की ती पांढुरकी दिसते आणि नखाने दाबली की टकटक वाजते.

अमेरिकेत बांधलेल्या किंवा तिथे विकलेल्या नावेला आणखी एक आधार मिळतो, तो म्हणजे बुडावरचा क्रमांक. १ नोव्हेंबर १९७२ पासून तो तिथे बंधनकारक आहे. कयाकमध्ये तो मागच्या टोकाजवळ उजव्या बाजूला शोधावा. बारा अक्षरं असतात. पहिली तीन बांधणाऱ्याचा संकेत, पुढची पाच अनुक्रमांक, शेवटची चार तारीख. घोटाळा तारखेत होतो, कारण तिची पद्धत बदलली. १९८४ पूर्वी दोन रीती चालत. एकीत शेवटी सरळ महिना आणि वर्ष, म्हणजे ०५७८ असेल तर मे १९७८. दुसरीत एम हे अक्षर, मग मॉडेल वर्षाचे दोन आकडे, मग महिन्याचं अक्षर, पण हे वर्ष ऑगस्टपासून सुरू होई. म्हणून एम ७८ ई याचा अर्थ डिसेंबर १९७७, मे १९७८ नव्हे. ऑगस्ट १९८४ नंतर शेवटच्या चारांत पहिलं अक्षर महिन्याचं आणि ए म्हणजे जानेवारी, मग प्रत्यक्ष वर्षाचा शेवटचा आकडा, मग मॉडेल वर्षाचे दोन आकडे. ई ४ ९४ म्हणजे मे १९९४. दोन्ही रीतींत ई आहे, पण एकीत तो डिसेंबर आणि दुसरीत मे. म्हणून आधी रीत ठरवायची, मगच महिना वाचायचा. आयात नावांवर पुढे देशाचा संकेत दिसतो, ब्रिटनसाठी जीबी. ब्रिटनमध्येच विकल्या गेलेल्या जुन्या नावांवर असा क्रमांक बहुधा नसतो, आणि तिथे पुन्हा पुठ्ठा आणि ओळंबा यांवरच भिस्त. एक गोष्ट मात्र विसरू नये. तारीख नाव कधी बनली ते सांगते, आखणी कधीची ते नाही. ॲनास अक्युटा दशकानुदशकं बनत राहिली.

प्लास्टिकच्या नावांचा वेगळाच प्रश्न. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून पॉलिइथिलीनची भुकटी तापत्या फिरत्या साच्यात वितळवून कयाक बनू लागल्या. ॲक्वाटेरा कंपनीची चिनूक ही त्या पहिल्या पिढीतली. ॲक्वाटेरा हा पर्सेप्शन या कंपनीचाच भाऊबंद असल्याने एकाच नावेवर दोन वेगळी नावं सापडू शकतात आणि त्यात गैर काही नसतं. या नावेत सांधाच नसतो, म्हणून एक मोठा पुरावा हातचा जातो. शिवाय पट्ट्यांवर आवळून उन्हात ठेवलेलं पॉलिइथिलीन वाकतं, बूड आत दबतं किंवा अख्खी नाव मध्ये उचलली जाते. अशा नावेचा रॉकर मोजून काही हाती लागत नाही. तिथे डेकवर साच्यातच उठवलेल्या गोष्टी पाहाव्यात, म्हणजे हॅचची खाच, दोरीच्या खळग्या, कंपासची जागा. जर्मनीच्या प्रियॉनची पॉलिइथिलीन कयाक फुगवून घडवलेली असते, तिचा पृष्ठभाग जास्त कठीण लागतो आणि ती कमी दबते.

लाकडी आणि घडीच्या नावांना इथे थोडक्यात उरकतो, त्यांचा विषय मोठा आहे. आल्फ्रेड हॉयरिशने १९०५ मध्ये आखलेली घडीची नाव योहान क्लेपरने १९०७ मध्ये घेतली आणि रोझेनहाइमहून विकायला सुरुवात केली. क्लेपरच्या पुढच्या एरियस या मॉडेलची हमखास खूण म्हणजे दोन्ही बाजूंच्या काठांतून जाणाऱ्या हवेच्या नळ्या. त्या फुगवल्या की कापड ताणलं जातं आणि नाव पाण्यात जवळपास बुडवता येत नाही. दुहेरी एरियस ५ मीटर २० सेंटिमीटर लांब आणि ८७ सेंटिमीटर रुंद असते. हान्नेस लिंडेमान १९५६ मध्ये याच प्रकारच्या नावेतून अटलांटिक पार करून गेला. घडीच्या नावेत सांगाडा आणि कातडं वेगवेगळ्या काळातलं असणं अगदी नेहमीचं, म्हणून दोन्हींची नोंद स्वतंत्र करावी.

नकलांबद्दलही सांगायला हवं. जुन्या काळी एखाद्या नावेवर थेट फायबरग्लास चढवून चोरून साचा काढणं अवघड नव्हतं. अशी नक्कल मूळ नावेच्या मापात अगदी जवळ येते, पण डेकवरच्या धारदार कडा बोथट झालेल्या असतात, खळग्यांच्या तळाशी बारीक लाटा असतात, आणि कधी कधी मूळ नावेवरच्या दोरीच्या कड्यांचे ठसेही नकलेत जेलकोटमध्ये उमटलेले सापडतात, जिथे कडं कधी नव्हतंच. तिरका प्रकाश पाडून पाहिलं की हे ठसे उजळतात.

जुनी कयाक घासून, रंगवून नवी करायची घाई असेल तर आधी या सगळ्या खुणांची नोंद करावी. प्रत्येक भोक, त्याचा व्यास, त्याच्या कडेला दिसणारे जेलकोटचे थर. जुन्या भोकाच्या तोंडाशी रंगांचे थर एखाद्या झाडाच्या कापलेल्या खोडासारखे दिसतात. बाहेरचा नवा रंग, खाली दुसरा, त्याखाली मूळ जेलकोट. मूळ रंग कळला की जुन्या छायाचित्रांशी तुलना करता येते. स्केगच्या पेटीत अडकलेले खडे काढताना स्केग खालीवर करणाऱ्या तारेचा मार्ग पाहून घ्यावा. तार डेकखाली मोठ्या वळणाने नेलेली असेल तर बसवणाऱ्याला काम माहीत होतं, आणि टोकदार वळण असेल तर तिथे तार मुडपते आणि स्केग खाली अडकून बसतो. आतून सुटलेली पट्टी, कॉकपिटच्या कडेला पडलेल्या केसासारख्या भेगा, रबरी झाकणाला उन्हाने आलेल्या चिरा, हे सगळं लिहावं, पण वेगळ्या पानावर. ते नावेच्या अवस्थेचं आहे, ओळखीचं नाही.

समजा मोजमाप घेतल्यावर असं निघालं की बूड ॲनास अक्युटाचं आहे, कॉकपिट कापून कीहोल केलाय, मागे तिसरा बल्कहेड मागाहून घातलाय आणि स्केगपेटीच्या कडेला दुसरंच रेझिन आहे. अशा नावेला एकच नाव देऊन मोकळं होऊ नये. नोंदीत पहिल्या ओळीत बुडाची ओळख लिहावी, दुसऱ्या ओळीत मूळ अवस्थेबद्दल जेवढं पुराव्यानिशी सांगता येतं तेवढं, आणि त्याखाली प्रत्येक बदल, तो कशावरून ओळखला त्या खुणेसह. बदलांचा क्रम कळत असेल तर तोही लिहावा. स्केगपेटीची पट्टी तिसऱ्या बल्कहेडच्या पट्टीवर चढलेली असेल तर बल्कहेड आधीचा.